प्रश्न वाचकांचे : पोटातले जीवाणू आणि पुडीतले जीवाणू

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी गढूळ झाले की माझ्या मिरजेतल्या दवाखान्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात, आणि हल्ली त्यांच्याबरोबर एक प्रश्नही हमखास येतो : "मॅडम, प्रोबायोटिक चालू करू का?" प्रोबायोटिक म्हणजे पुडीतून किंवा कॅप्सूलमधून घ्यायचे उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव. या सदराकडे आलेल्या पत्रांतही गेले दोन महिने हाच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. त्यांतली सहा पत्रे येथे घेतली आहेत. वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा 6 वर्षांचा आहे. कान दुखतो म्हणून डॉक्टरांनी 7 दिवसांचे अँटिबायोटिक दिले. तिसऱ्या दिवसापासून त्याला दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी होते. डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या आहेत, पण सासूबाई म्हणतात, पुड्या कशाला, ताकभात दे. पुडी कधी आणि कशात द्यावी? अँटिबायोटिक बंद करावे का? — एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने बंद करू नका. मूल खेळते आहे, पाणी पिते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, शीमध्ये रक्त नाही आणि ताप नाही, असे असेल तर हे जुलाब बहुधा औषधामुळे आहेत आणि औषध संपल्यावर थांबतील. कानातला जंतू मारायला दिलेले औषध मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथल्या उपयोगी जीवाणूंनाही मारते. एरवी हे जीवाणू न पचलेले पिष्ट आंबवून संपवतात. ते कमी झाले की ते पिष्ट आतड्यात तसेच राहते, पाणी ओढून घेते, आणि शी पातळ होते.

प्रोबायोटिकच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो नेमका याच ठिकाणी. लहान मुलांवरच्या 33 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेतलेल्या मुलांपैकी सुमारे 8 टक्क्यांना जुलाब झाले आणि न घेतलेल्यांपैकी 19 टक्क्यांना. म्हणजे साधारण नऊ मुलांना पुडी दिली तर त्यांतल्या एकाचे जुलाब टळतात. फायदा खरा आहे, पण तो प्रामुख्याने अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून सुरू केलेल्या पुड्यांचा आहे. जुलाब लागल्यानंतर सुरू केलेल्या पुडीकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही. तरीही तुमच्या डॉक्टरांनी दिली आहे, मूल एरवी धडधाकट आहे, तेव्हा ती द्यायला हरकत नाही.

कशी द्यावी, हे मात्र नीट समजून घ्या. मागच्या पावसाळ्यात एका आईला मी म्हटले, "पुडी कशी देता, ते इथेच करून दाखवा." त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, वाफाळते दूध पेल्यात ओतले, त्यात पुडी रिकामी केली, चमच्याने ढवळली, आणि फुंकर घालून पेला मुलाच्या ओठांशी नेला. पुडी योग्य होती आणि मात्राही योग्य होती, पण त्या दुधात पुडीतले बहुतेक जीव मुलाच्या पोटात जाण्यापूर्वीच मेले असणार. ही पुडी गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, दुधात नाहीतर दह्याच्या चमचाभर गोळ्यात कालवून लगेच द्यायची असते. पुडीवर लॅक्टोबॅसिलस हे नाव असेल तर अँटिबायोटिक आणि पुडी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर एका हाताने जीवाणू द्यायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे असे होते. सॅकरोमायसिस बूलार्डी असे लिहिले असेल तर ती यीस्ट, म्हणजे बुरशीचा एक प्रकार, आहे. जीवाणूंवरचे अँटिबायोटिक तिला मारत नाही, त्यामुळे अंतराची काळजी नको. बुरशीवरचे औषध चालू असेल तर मात्र तीही मरते.

अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आणि फार तर त्यानंतर काही दिवस पुड्या पुरेत. महिनोन् महिने देत राहण्याचा उपयोग नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात असे दिसले, की अँटिबायोटिकनंतर चार आठवडे अनेक जातींचे प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात त्यांचे स्वतःचे जीवाणू परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता आणि मोठ्या माणसांवर होता, तरी मुदत ओलांडून पुड्या चालू ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

सासूबाईंचा ताकभात पूर्णपणे योग्य आहे. तो द्याच, पुडीबरोबर द्या. आणि या दोन्हींहून अधिक महत्त्वाचे म्हणजे ओआरएस. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, साखर आणि पाण्याचे द्रावण तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणले. जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्याने, आणि ते कोणतेही प्रोबायोटिक भरून काढत नाही. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान पुडी 200 मिलीलिटरमध्ये, एवढे एकच माप पाळा. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका. दुकानात मिळणारी गोड फळांची पेये म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त दिसले किंवा ताप चढला, तर थांबू नका, त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. जुलाब बांधून टाकणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलाला कधीही देऊ नका.

अँटिबायोटिक नसताना, नुसत्या दूषित पाण्याने किंवा विषाणूने लागलेल्या जुलाबांबद्दलही येथेच सांगते. 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडात लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींत प्रोबायोटिकने जुलाब लवकर थांबले नाहीत. अशा वेळी ओआरएस आणि 14 दिवस झिंक (6 महिन्यांवरील मुलांना रोज 20 मिलिग्रॅम) हेच खरे औषध आहे. झिंकची गोळी स्वस्त आहे, म्हणून ती मध्येच सोडली जाते, आणि महागडी पुडी मात्र निष्ठेने दिली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या घरी रोज विरजण लागते. कवडीचे दही, ताक, कढी, उन्हाळ्यात आंबील, शिवाय वर्षभर लोणचे असते. मग वेगळे प्रोबायोटिक घ्यायची गरज आहे का? — एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : निरोगी माणसाला नाही. पण तुमच्या यादीतले सगळेच पदार्थ एका मापाने मोजता येणार नाहीत.

'पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव' ही प्रोबायोटिकची व्याख्या 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी केली. तीत तीन अटी आहेत : जीव जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला हवा. घरच्या दह्यात जिवंत जीवाणू भरपूर असतात, पण कोणते आणि किती, हे विरजणावर, दुधावर आणि हवेवर अवलंबून असते. शेजारच्या घरून आणलेल्या विरजणाचे दही वेगळे लागते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते, त्याचे कारण हेच. म्हणून शास्त्राच्या भाषेत घरच्या दह्याला प्रोबायोटिक औषध म्हणत नाहीत. त्याने त्याचे मोल कमी होत नाही. दूध पचत नाही अशा माणसाला दही पचते, कारण दह्यातले जिवंत जीवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये तपासून मान्य केला आहे. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या माझ्या अनेक रुग्णांना वाटीभर दह्याने कॅल्शियमही मिळाले आणि त्रासही थांबला.

आता बाकीचे. कढीला उकळी आली की जीवाणू मरतात, आंबील शिजली की तिच्यातलेही मरतात. चव राहते, पोषण राहते, पण जिवंत जीव राहत नाहीत. आपल्याकडचे तेला-मिठाचे कैरीचे लोणचे ही जिवंत जीवाणू मिळावेत म्हणून खाण्याची वस्तूच नाही, आणि रक्तदाब असणाऱ्याने ते 'प्रोबायोटिक' म्हणून जास्त खाणे तर अजिबात योग्य नाही. दही आणि ताक तेवढे गार, ताजे, वरून न तापवता घ्या. त्याबरोबर ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी, कांदा, केळे असू द्या, कारण तुमच्या आतड्यात आधीपासून असलेल्या जीवाणूंचे अन्न म्हणजे हे तंतू.

दह्याच्या जाहिरातींत एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाचे नाव येते. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात असे त्यांनी मांडले, हे खरे. पण 1908 चे नोबेल त्यांना दह्यासाठी नव्हे, रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी मिळाले.

प्रश्न : मी 66 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपासून बद्धकोष्ठ आहे. एका नातेवाइकांनी 12 प्रकारच्या जीवाणूंच्या कॅप्सूल आणून दिल्या. महिन्याला जवळजवळ दोन हजार रुपये लागतात. ते म्हणतात, याने प्रतिकारशक्ती वाढते, साखर उतरते, मधुमेहाच्या गोळ्याही पुढे सुटतील. घ्याव्यात का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : सर, सर्वांत आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे लक्ष वेधते, ज्यावर तुम्ही स्वतः भर दिलेला नाही : 'दोन महिन्यांपासून बद्धकोष्ठ'. साठी उलटल्यावर शौचाची सवय अचानक बदलली आणि बदललेलीच राहिली, तर त्याचे कारण शोधावे लागते. थायरॉईड, एखादे नवे औषध, कमी पाणी, ही साधी कारणे असू शकतात, पण मोठ्या आतड्यातील गाठही असू शकते. वजन घटले आहे का, शौचात रक्त जाते का, हिमोग्लोबिन कमी झाले आहे का, हे तपासून गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करावी लागेल. कॅप्सूल घेऊन पाहू, महिनाभर वाट पाहू, असे करण्यात जो वेळ जातो, तो तुमच्या बाबतीत कॅप्सूलच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतो. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा.

मधुमेहाची एकही गोळी या कॅप्सूलच्या भरवशावर बंद करू नका. काही चाचण्यांत साखरेवर थोडासा परिणाम दिसला आहे, पण तो औषधाची जागा घेण्याइतका नाही.

आता कॅप्सूलविषयी. ते खोके हातात घ्या आणि उलटून मागची बारीक अक्षरे वाचा. जीवाणूचे नाव तीन भागांचे असायला हवे. उदाहरणार्थ, 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यातले 'जीजी' म्हणजे त्या जातीतला एक विशिष्ट वाण. सगळी द्राक्षे सारखी नसतात, हे तासगावच्या माणसाला मी सांगायला नको. थॉमसनच्या बागेला लागू पडणारी गोष्ट शरदच्या बागेला तशीच लागू पडेल असे नाही. तसेच एका वाणावर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या वाणाला लावता येत नाही. खोक्यावर वाणाचे नाव किंवा क्रमांकच नसेल, तर त्या कॅप्सूलमागे कोणता अभ्यास आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. आपल्याकडे अजूनही कित्येक खोक्यांवर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स' असे छापलेले आढळते. हे नाव शास्त्राने कधीच रद्द केले आहे. तो जीवाणू म्हणजे बॅसिलस कोॲग्युलान्स.

मग संख्या पाहा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जीव हवेत. वर सांगितलेल्या अँटिबायोटिकच्या जुलाबांसाठी रोज 500 कोटी किंवा अधिक दिले जातात. ही संख्या कारखान्यातून निघतानाची आहे की मुदत संपेपर्यंतची, हेही वाचा, कारण मधल्या काळात जीव मरत जातात. आणि 12 जाती म्हणजे 12 पट फायदा, असा हिशेब नाही. प्रतिकारशक्ती 'वाढते' हा शब्दही फार सैल आहे. शिवाय अशा बहुतेक कॅप्सूल अन्नपूरक म्हणून विकल्या जातात. औषधाला विक्रीपूर्वी गुणाचा जो पुरावा द्यावा लागतो, तो त्यांना द्यावा लागत नाही.

तपासणीत काही गंभीर निघाले नाही, आणि डॉक्टरांच्या मते हा आतड्याच्या हालचालीचा दोष असेल, तर एखादे प्रोबायोटिक करून पाहता येते. त्या वेळी एकच प्रकार घ्या, किमान 4 आठवडे आणि फार तर 12 आठवडे घ्या, रोजची शौचाची नोंद वहीत ठेवा, आणि फरक नसेल तर थांबा. पहिल्या काही दिवसांत गॅस वाढतो, तो बहुधा आपोआप कमी होतो. नातेवाइकांना नाही म्हणणे अवघड जाते, हे मला कळते. त्यांना सांगा की डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत थांबायला सांगितले आहे.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते. ही औषधे फ्रीजमध्येच ठेवावी लागतात का? — एक वाचक, आटपाडी

उत्तर : सगळी नाही. बॅसिलस क्लॉसीसारखे जीवाणू बीजाणूंच्या रूपात, म्हणजे कवचात झोपलेले असतात. ते खोलीच्या तापमानाला टिकतात. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या काही औषधांना 2 ते 8 अंश तापमान लागते. खोक्यावर तसे छापलेले असेल तर ते औषध आटपाडीच्या मे महिन्यात घेऊच नका, दुसरा प्रकार लिहून मागा. प्लास्टिकच्या छोट्या कुपीतले औषध हलवून, उघडल्याबरोबर तोंडाने घ्यायचे असते. कुपी इंजेक्शनच्या औषधासारखी दिसते, पण ती शिरेत किंवा स्नायूत कदापि द्यायची नसते.

प्रश्न : माझ्या बहिणीचे बाळ 31 आठवड्यांचे, अपुऱ्या दिवसांचे आहे आणि अजून काचेच्या पेटीत आहे. प्रोबायोटिकचे थेंब बाहेरून आणून द्यावेत का? ओडिशात बाळांना दिल्याने मृत्यू कमी झाले असे वाचले. — एक मावशी, कराड

उत्तर : बाहेरून आणून एक थेंबही देऊ नका. ओडिशातला अभ्यास खरा आणि महत्त्वाचा आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 4,500 हून अधिक नवजात बाळे होती. एका विशिष्ट लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमने जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. पण ती बाळे 35 आठवडे पूर्ण केलेली, दोन किलो किंवा अधिक वजनाची आणि अंगावर पिणारी होती. तुमचे बाळ त्यांत बसत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत काही रुग्णालये आतड्याचा एक घातक आजार टाळण्यासाठी ठरावीक प्रोबायोटिक देतात, तर दुसरीकडे 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशाच एका बाळाच्या मृत्यूनंतर इशारा दिला, कारण दिलेलाच जीवाणू बाळाच्या रक्तात सापडला. हा निर्णय फक्त नवजात विभागातील डॉक्टरांचा आहे. बहिणीचे दूध काढून बाळापर्यंत पोचवता येत असेल, तर मावशी म्हणून त्यात करता येईल तेवढी मदत करा.

प्रश्न : माझ्या वडिलांची मिरजेत केमोथेरपी चालू आहे. छातीत केमोसाठी पोर्ट बसवला आहे. तोंडाची चव गेली, जुलाबही होतात. मेडिकलवाल्यांनी प्रोबायोटिक कॅप्सूल दिल्या आहेत. दही-ताक द्यावे का? — एक शेतकरी, पलूस

उत्तर : दादा, त्या कॅप्सूल आज देऊ नका. आधी वडिलांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. निरोगी माणसाच्या आतड्याची भिंत जीवाणूंना आतच थोपवते आणि चुकून एखादा रक्तात गेला तर पांढऱ्या पेशी त्याला संपवतात. केमोमध्ये ही भिंत सोलवटते आणि पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून एरवी निरुपद्रवी असलेला जीवाणू रक्तात वाढू शकतो. बूलार्डी यीस्टचा धोका आणखी वेगळा आहे. कॅप्सूल उघडताना तिची भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि तो हात पोर्टला, म्हणजे शिरेत औषध सोडण्यासाठी बसवलेल्या नळीच्या तोंडाला, लागला की यीस्ट थेट रक्तात जाते. त्यामुळे अशा रुग्णाच्या खोलीत ती कॅप्सूल उघडूसुद्धा नये.

आजारी माणसाला प्रोबायोटिक निदान अपाय तरी करणार नाही, हा समज किती महागात पडू शकतो, हे नेदरलँड्समधील एका चाचणीने 2008 मध्ये दाखवले. स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना नळीवाटे प्रोबायोटिक दिले गेले, आणि देण्यात आलेल्यांपैकी 16 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 6 टक्के. अवयव बदललेले, अतिदक्षता विभागातले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, हृदयाची कृत्रिम झडप असलेले आणि आतडे कापून आखूड झालेले रुग्ण यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत.

दह्याबाबत : पांढऱ्या पेशी कमी असतील तेव्हा अनेक ठिकाणी घरचे विरजण टाळायला सांगतात, आणि पेशी वर आल्या की पुन्हा चालू करू देतात. ताज्या रक्ततपासणीचा कागद दाखवून 'आत्ता दही चालेल का' एवढेच विचारा. तोवर मऊ भात, मुगाचे वरण, चांगली उकळी आलेली ताकाची कढी आणि ओआरएस द्या. किती वेळा जुलाब झाले ते लिहून ठेवा आणि ते विभागातल्या नर्सना सांगा, कारण त्यावरून औषधाची मात्रा बदलावी लागते. घरात थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर मध्यरात्र असली तरी सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात घेऊन या.